डिसेंबर-जानेवारीत बाली: एकाच किनाऱ्यावर निवांत पडून राहायचं असेल तर

बालीचं नेहमीचं पॅकेज तुम्ही पाहिलंच असेल, कुटाला दोन रात्री, उबुडला दोन रात्री, मग नुसा पेनिदा बेटाची बोट, मध्ये तो झोपाळ्यावरचा फोटो, एक कॉफीचा मळा, दोन धबधबे आणि रोज सकाळी सात वाजता लॉबीत हजर. ज्यांना तसं फिरायचंय त्यांनी खुशाल फिरावं. पण वर्षभर ऑफिसात पिचून गेल्यावर हिवाळ्याच्या सुट्टीत खरोखरच समुद्राकाठी पडून राहायचं असेल, सकाळी उशिरा नाश्ता, दुपारी झोप, संध्याकाळी वाळूतून चालणं एवढंच हवं असेल, तर बालीचा प्लॅन पार वेगळा करावा लागतो. माझं मत सरळ आहे: एकच किनारा, एकच रिसॉर्ट, आणि तो किनारा पूर्वेचा. देवळं, फुलं, उदबत्त्या, घंटा हे सगळं तुमच्या पायाशी चालत येतं, त्यासाठी बेटभर गाडी पळवायची गरज नाही.

आधी हवामान समजून घ्या

आपल्याकडे हिवाळा म्हणजे कोरडी हवा नि पहाटेची शाल. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण आठ अंशांवर आहे, त्यामुळे तिथे हिवाळा हा प्रकारच नाही, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी म्हणजे ऐन पावसाळा, त्यातही जानेवारी बहुधा सगळ्यात ओला. हे एजंट लोक सांगत नाहीत, किंवा सांगतात ते अगदी शेवटी. पण घाबरून रद्द करू नका. बऱ्याचदा पाऊस दुपारनंतर एक-दीड तास धो धो कोसळतो आणि मग लख्ख ऊन पडतं, मधूनच एखादा दिवस मात्र पूर्ण वाया जातो, तो धरूनच चाला. तापमान दिवसा तीस-एकतीस, समुद्र कोमट, घाम मात्र मुंबईसारखाच, तेव्हा स्वेटर विमानापुरता ठेवा.

आता यातली खरी महत्त्वाची गोष्ट पावसाची नाही, वाऱ्याची आहे. या महिन्यांत वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून कुटा, लेगियान, सेमिन्याक, जिम्बारान या पश्चिमेच्या किनाऱ्यांवर लाटा दांडग्या असतात आणि नद्यांतून आणि समुद्रातून आलेला प्लास्टिक-लाकडाचा कचरा वाळूवर येऊन पडतो, काही सकाळी तर तो उचलायला जेसीबी लावलेले असतात. स्थानिक लोक जीव तोडून साफ करतात पण दुसऱ्या दिवशी परत तेच. जून-जुलैत जो किनारा छान असतो तोच जानेवारीत असा होतो, म्हणून मे महिन्यात जाऊन आलेल्या मित्राचा सल्ला डिसेंबरासाठी घेऊ नका.

पूर्वेकडचे सनूर आणि नुसा दुआ या वाऱ्याच्या आडोशाला येतात, शिवाय दोन्हीकडे समुद्रात थोडं आत प्रवाळाची भिंत आहे जी लाटा तिथेच मोडते. आत राहतं ते शांत, उथळ पाणी. लहान मुलं आणि आई-वडील बरोबर असतील तर मला तरी दुसरा पर्याय दिसत नाही.

सनूर की नुसा दुआ

नुसा दुआ म्हणजे गेटच्या आत आखीवरेखीव वसवलेला भाग, १९७० च्या दशकात मुद्दाम आखून उभा केलेला. मोठमोठी रिसॉर्ट्स, कापलेली हिरवळ, सिक्युरिटीचा आरसा गाडीखाली फिरणार. शांतता पूर्ण, वाळू सुंदर, पण गेटच्या आत सगळंच महाग आणि बाहेरचं बाली तुम्हाला फारसं दिसणार नाही. हनिमूनला किंवा खोलीतून बाहेरच पडायचं नाही अशा सुट्टीला उत्तम.

सनूर जुनं आहे. ते खरं गावच आहे, डेनपासार या बालीच्या राजधानीच्या पूर्व टोकाचं, एअरपोर्टवरून ट्रॅफिक नसेल तर अर्ध्या तासात पोचता. किनाऱ्याला लागून काही किलोमीटरचा पक्का चालायचा रस्ता आहे, त्यावर गाड्या नाहीत, भाड्याच्या सायकली चालतात. एका बाजूला समुद्र आणि दोन्हीकडे बांबूचे पंख लावलेल्या जुकुंग होड्या, दुसऱ्या बाजूला रिसॉर्टच्या बागा, छोटी वारुंग म्हणजे खानावळी आणि मध्येच एखादं काळ्या दगडाचं देऊळ. एका किनाऱ्याचं नावच सिंधू आहे, पंताई सिंधू. किनारा पूर्वेचा असल्यामुळे इथे सूर्यास्त समुद्रात होत नाही, सूर्योदय होतो, सहाच्या सुमारास, आणि तो बघायला टुरिस्टांपेक्षा स्थानिक म्हातारे-म्हाताऱ्या जास्त असतात, गुडघाभर पाण्यात उभं राहून निवांत गप्पा मारत. मी तरी सनूरच सांगेन.

इथलं बाली बीच हॉटेल १९६६ मधलं, दहा मजली. त्यानंतर बालीत नारळाच्या झाडापेक्षा उंच इमारत नको असा नियम आला, साधारण १५ मीटर. त्यामुळे बाकी सगळं बैठं आणि झाडांत लपलेलं आहे, त्या एका उंच हॉटेलचे हे उपकारच म्हणायचे.

बुकिंग करताना

तारखा. २० डिसेंबर ते ५ जानेवारी दर गगनाला भिडलेले असतात आणि अर्धं ऑस्ट्रेलिया तिथेच असतं. मुलांच्या शाळेची अडचण नसेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीचा दुसरा आठवडा उलटल्यावर जा. नाताळ किंवा ३१ डिसेंबर मध्ये येत असेल तर बुकिंगआधी एक मेल टाकून विचारा की गाला डिनर सक्तीचं आहे का, कारण बरीच रिसॉर्ट्स त्या रात्रीच्या जेवणाचे पैसे माणशी वेगळे लावतात आणि शाकाहारी माणसाला तो बुफे काही परवडत नाही, ना खिशाला ना पोटाला.

दरापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर समजा की सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स मिळून साधारण २१ टक्के वर लागणार आहेत. रेस्टॉरंटच्या मेनूवर पण हीच भानगड.

सनूरसाठी अजून एक. भरती-ओहोटीचा फरक इथे मोठा आहे, ओहोटीला पाणी पार मागे जातं आणि मधे समुद्री गवत नि प्रवाळाचे तुकडे उघडे पडतात, तेव्हा पोहणं विसरा. म्हणून तुमच्या तारखांचं भरतीचं वेळापत्रक नेटवर आधीच बघा आणि रिसॉर्टला बऱ्यापैकी स्विमिंग पूल आहे ना याची खात्री करा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास फरक जास्त, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

समुद्रासमोरची खोली हवीच असा हट्ट नको. किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत गेलात की दर बरेच उतरतात आणि चालत पाच-सात मिनिटांत वाळूवर. मात्र पावसाळा असल्याने खोलीला झाकलेला व्हरांडा असेल असं बघा. अर्धी सुट्टी तिथेच जाणार आहे, पुस्तक, चहा आणि समोर पाऊस.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्टला व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, फी ५ लाख रुपिया (तिथलं चलन), मुदत ३० दिवस, एकदा वाढवून मिळते. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. हाच व्हिसा आधी ऑनलाइन काढला तर रात्री उतरल्यावर एक रांग वाचते. त्याशिवाय बाली सरकारचा पर्यटक कर आहे, १४ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेला, माणशी दीड लाख रुपिया, तोही ऑनलाइन भरून क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा. आणि तिसरा प्रवाशांनी भरायचा ऑल इंडोनेशिया नावाचा ऑनलाइन फॉर्म, फुकट असतो, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा. या सगळ्याच्या नावाने पैसे उकळणाऱ्या बनावट साइट्स ढिगाने आहेत, सरकारी पत्ता नीट बघूनच कार्ड नंबर टाका.

लाखांचे आकडे ऐकून पहिल्या दिवशी सगळेच गांगरतात. सोपा हिशोब: तीन शून्यं काढा, पाचाने गुणा आणि वर थोडं धरा. एक लाख रुपिया म्हणजे पाचशे-साडेपाचशे रुपये. मेनूवर नुसतं ४५ आणि पुढे के लिहिलेलं असतं, ते ४५ हजार. एक लाखाची नोट लाल, दहा हजाराची जांभळट, रात्रीच्या अंधारात टॅक्सीत जरा जपून. रस्त्यावरच्या टपरीवजा मनी चेंजरकडे बाहेर बोर्डावर भाव फार चांगला दिसला तर पुढे चला, मोजताना नोटा खाली सरकवायची कला तिथे जुनी आहे. काही एटीएम आधी पैसे देतात आणि कार्ड नंतर बाहेर काढतात, आपल्याला सवय नसते, कार्ड तिथेच राहतं.

विमान सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे भरपूर आहेत, बंगळुरूहून थेटही आहे. घड्याळ अडीच तास पुढे करा. आपल्या फोनच्या चार्जरची दोन पिनची बारीक प्लग तिथे चालते, तीन पिनची नाही.

दिवस कसा घालवायचा

सहाला उठून किनाऱ्यावर. उन्हाचा तडाखा नऊनंतर बसतो, त्याआधी चालणं, सायकल, पाणी भरतीचं असेल तर पोहणं उरकून घ्या. मग नाश्ता लांबवा. दुपारी झोप किंवा मसाज. रिसॉर्टच्या स्पामध्ये जितक्यात एक मसाज होतो तितक्यात बाहेरच्या साध्या स्वच्छ दुकानात दोघांचा होतो. पावसाळी दुपारी बोरेह मागा, लवंग, आलं, तांदूळ असा वाटलेला गरम मसाल्याचा लेप अंगाला लावतात, शेतात राबून आलेल्या लोकांचा जुना उपाय आहे. त्वचा नाजूक असेल तर आधी हातावर थोडा लावून बघा, झोंबतो चांगलाच.

संध्याकाळी पाऊस थांबला की रस्ता परत माणसांनी भरतो, मक्याची कणसं भाजणारे येतात. सिंधूचा रात्रीचा बाजार लागतो तिथे एक चक्कर मारा. दिवस एवढाच, त्यात अजून काही कोंबू नका.

आपण हिंदू, ते हिंदू, पण

इथे जरा थांबून लिहिते. आपली माणसं बालीत गेली की दोन टोकं गाठतात. एक तर "अरे हे तर आपलंच" म्हणत थेट गाभाऱ्याकडे चालू लागतात, किंवा "हे कसले हिंदू, डुक्कर खातात" म्हणून नाक मुरडतात. दोन्ही सोडा. बालीचा धर्म हजार वर्षांहून जास्त काळ स्वतःच्या वाटेने वाढलेला आहे. सनूरमध्येच ब्लांजोंग नावाच्या देवळात एक दगडी खांब आहे, राजा श्री केसरी वर्मदेवाचा, त्यावर शके ८३५, फाल्गुन महिना अशी नोंद आहे, म्हणजे इसवी सन ९१४. संस्कृत आणि जुनी बाली अशा दोन भाषा, नागरी वळणाची आणि कावी अशा दोन लिप्या. काचेच्या पेटीत ठेवलाय, फारसं कुणी फिरकत नाही, रिसॉर्टवरून सायकलने जाऊन या. शक तिथे आजही चालतो, २०२६ साली तर आपला पाडवा आणि त्यांचं नवं वर्ष न्येपी एकाच दिवशी, १९ मार्चला, दोघांचा शके १९४८. फरक एवढाच की आपण गुढी उभारून श्रीखंड खातो आणि ते दिवे मालवून, एअरपोर्टसकट सगळं बंद ठेवून चोवीस तास गप्प बसतात.

रोज सकाळी रिसॉर्टच्या दारात, पायरीवर, स्कूटरच्या सीटवर, दुकानाच्या गल्ल्यावर सुद्धा नारळाच्या कोवळ्या पातीची तळहाताएवढी चौकोनी टोपली ठेवलेली दिसेल, तिला चनांग सारी म्हणतात. जवळून बघा. आत फुलं दिशेप्रमाणे लावलेली असतात, पूर्वेला पांढरी ईश्वराची, दक्षिणेला तांबडी ब्रह्माची, पश्चिमेला पिवळी महादेवाची, उत्तरेला निळी किंवा हिरवी विष्णूची. वर चिमूटभर भात, कधी बिस्किट, कधी चॉकलेट आणि चक्क सिगारेट पण. बाई कमरेला पट्टा बांधून येते, फुलाने पाणी शिंपडते, उदबत्तीचा धूर हाताने तीनदा पुढे सरकवते आणि पुढच्या टोपलीकडे जाते. दहा मिनिटांनी कुत्रा भात खाऊन जातो, कुणाला त्याचं काही वाटत नाही. तुम्ही मात्र ओलांडू नका, बाजूने जा.

सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा या त्रिसंध्येच्या वेळा. लाउडस्पीकरवर जे ऐकू येतं त्याची सुरुवात गायत्री मंत्राने होते, चाल निराळी असल्याने पहिल्यांदा ओळखू येत नाही आणि मग एकदम अंगावर काटा येतो. भेटल्यावर "ओम स्वस्त्यस्तु" म्हणा, धन्यवादाला "सुक्स्मा". रिसॉर्टवरचा दर दुसरा माणूस वायान, मादे, न्योमान नाहीतर केतुत निघेल, कारण ती नावं पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं मूल अशा क्रमाने ठेवतात.

देवळात जायचं तर सारोंग म्हणजे लुंगीसारखं वस्त्र आणि कमरेला पट्टा हवाच, पुरुषांनाही. आतल्या अंगणात फक्त पूजेला आलेल्यांना प्रवेश असतो. तुम्हाला खरंच पूजेला बसायचं असेल तर रिसॉर्टमधल्या कुणाला तरी विनंती करा, पारंपरिक पोशाख घाला, पुजाऱ्याला म्हणजे पेमांकूला विचारा, बहुतेक वेळा आनंदाने बसवून घेतात. तीर्थ देतात ते तीनदा प्यायचं, मग ओले तांदूळ कपाळाला आणि गळ्याशी लावायचे. पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभं राहायचं नाही, पूजा करणाऱ्यांच्या समोरून फोटो काढायचा नाही. पाळी चालू असताना बायकांनी आत येऊ नये अशा पाट्या सगळीकडे आहेत. मला पटत नाही, पण पाहुणी म्हणून गेल्यावर तिथे वाद घालत बसत नाही.

जानेवारीच्या अमावास्येच्या आदल्या रात्री त्यांची शिवरात्र असते, आपल्या महाशिवरात्रीच्या साधारण महिनाभर आधी. गोष्ट तीच, झाडावर रात्रभर जागणारा शिकारी आणि खाली पडणारी पानं, त्याचं नाव तिकडे लुब्धक.

खाणं

मासे खाणाऱ्यांची चैन आहे, त्यांना सल्ला द्यायची गरज नाही. शाकाहारी लोकांनी एक शब्द पाठ करावा, तेरासी. ही सुकटाची आंबवलेली चटणी, आणि ती सांबाल म्हणजे ठेच्यात, भाज्यांत, कधी गादो-गादो या उकडलेल्या भाज्यांच्या पदार्थावरच्या शेंगदाण्याच्या रश्शात पण असते. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं की वरचं चिकन काढून देतील. असं सांगा: "तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा उदांग, तान्पा तेरासी", म्हणजे मांस, मासे, कोळंबी, तेरासी नको. अंडं नको असेल तर "तान्पा तेलूर". कुरकुरीत पांढरे पापड दिसतात तेही बऱ्याचदा कोळंबीचे. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, ताहू म्हणजे टोफू, भात, पालेभाजी आणि नारळ यावर मजेत जगता येतं. गोडात क्लेपोन सोडू नका, तांदळाच्या पिठाचा हिरवा गोळा, आत पातळ गूळ, बाहेर ओलं खोबरं, उकडीच्या मोदकाचा धाकटा भाऊच. तोंड मिटून खा, गूळ उडतो.

नळाचं पाणी पिऊ नका, दात घासायलाही बाटलीचंच बरं. स्वस्त अराक म्हणजे स्थानिक दारू घातलेली कॉकटेल्स पण नकोत, भेसळीच्या दारूत मिथेनॉल निघून माणसं दगावलेली आहेत.

बाहेर पडलातच तर

चार-पाच दिवसांत एखादा अर्धा दिवस, बास. मला विचाराल तर उलुवातुच्या देवळाजवळचं संध्याकाळचं केचक नृत्य, कड्यावर बसून पुरुषांचा मोठा घोळका नुसत्या "चक-चक" आवाजावर रामायण उभं करतो, वाद्य एकही नाही. तिथली माकडं चष्मे पळवतात, तेव्हा बॅगेत ठेवा. दुसरं तीर्त एम्पुल, दहाव्या शतकातलं झऱ्याचं देऊळ, तिथे धारांखाली स्नान करतात, त्यातल्या काही धारा मृतांच्या विधीसाठी राखीव आहेत, पुढच्या माणसाचं बघून त्या सोडायच्या. नुसा पेनिदाची बोट सनूरहूनच सुटते पण या महिन्यांत समुद्र खवळला की बंद होते आणि चालू असली तरी पोट ढवळून काढते, निवांत सुट्टीत मी ती घेणार नाही.

गाडी ड्रायव्हरसकट दिवसाची करा, ६ ते ८ लाख रुपियात दहा तास मिळते. जवळच्या फेऱ्यांना ग्रॅब-गोजेक ही टॅक्सीची अ‍ॅप्स आहेतच. स्कूटर मात्र इंटरनॅशनल परमिट नसेल तर नको, पावसात त्या गल्ल्या निसरड्या होतात आणि परमिट नसताना पडलात तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. डास पण पावसाळ्यात डेंग्यू घेऊन येतात, ओडोमॉस इथूनच न्या.

शेवटची तारखांची बाब. गालुंगान हा त्यांचा मोठा सण २१० दिवसांनी येतो, म्हणून दर वर्षी वेगळ्या महिन्यात पडतो, आणि पुढचा हिवाळ्यातला आहे १३ जानेवारी २०२७, बुधवार. दहा दिवसांनी, २३ तारखेला, कुनिंगान. या दिवसांत घराघरांपुढे वाकलेले उंच बांबू, म्हणजे पेंजोर, सजवून उभे असतात, रस्ता बघण्यासारखा असतो. तेव्हा जायचं ठरवलंत तर एअरपोर्टची गाडी आणि मसाजवालीची वेळ आठवडाभर आधीच नक्की करा, कारण सणाच्या आदल्या दिवसापासून ड्रायव्हर, वेटर, माळी सगळे आपापल्या गावी गेलेले असतात आणि रिसॉर्टवर उरलेली चार माणसं सगळं सांभाळत असतात, चहा थोडा उशिरा आला तर कुरकुर करू नका.